सात चित्रं जुळली

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची जयपूरला! मिरजेहून निघाल्यापासून दोन गाड्या बदलल्या, पाय सुजून भोपळे झालेत. पण दुर्गापुरा स्टेशनवर उतरले तर समोर तारामतीबाई स्टीलचा डबा घेऊन उभ्या. आधी कधी भेट नाही, नुसतं फोनवर बोलणं, तरी बाईंनी मला गर्दीतून बरोबर हुडकलं. मिरजेची माणसं चालताना भांडायला निघाल्यासारखी दिसतात म्हणे! मूळच्या त्या साताऱ्याच्या, नवरा रेल्वेत होता, स्वतः इथं नर्स म्हणून जन्म काढला. नवरा गेला, मुलगा परदेशात, ह्या इथंच राहिल्या. मराठी बोलतात, पण दर तिसऱ्या शब्दाला 'मतलब'. डब्यात झुणका आणि बाजरीचा रोट होता. मी आडवा हात मारला.

खोली झकास आहे. दुसरा मजला, गच्ची, जाळीचं दार आणि आत लाकडी दार. मालक मुलाकडे गेलेत, खालचं घर बंद. शांतताच शांतता. आई फोनवर म्हणाली, एकटी आहेस, कडी लावत जा. मी म्हटलं, आई, मी कड्याकुलपं लावण्याचंच काम करायला आलेय.

ते खरंच आहे. संस्था अगदी लहान: दोन खोल्या, प्रमुख सुधाजी आणि ताराबाई. घरी मार खाणाऱ्या बायकांना बाहेर काढायचं आणि लपवून ठेवायचं, हे काम. बायका आपल्या फोनवरच्या नेहमीच्या अ‍ॅपवरून मेसेज पाठवतात. सुधाजी आणि ताराबाई ते संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर, वेगळ्या अ‍ॅपमध्ये वाचतात. या दोन अ‍ॅपना जोडणारा पूल बांधायचा आणि त्याला एन्क्रिप्शन लावायचं, म्हणजे मेसेज वाटेत कुणी पकडला तरी त्याला अक्षर कळू नये. गेल्या वर्षी एका कार्यकर्तीच्या फोनवर एका नवऱ्याने बायकोचा पत्ता वाचला आणि भर बाजारात गाठून बायकोचं नाक कापलं. तेव्हापासून सुधाजींनी हे डोक्यात घेतलेलं आहे.

ही वही मात्र कागदाचीच. टाईप केलेलं कधी ना कधी कुणीतरी वाचतं, हे मला पोटापाण्यामुळे माहीत आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

पूल उभा राहिला! पलीकडची प्रत्येक बाई आमच्या अ‍ॅपमध्ये एका बाहुलीच्या रूपाने दिसते. आमच्या धंद्यातला शब्दच तो. बाई तिकडे बोलली की तिची बाहुली इकडे बोलते. सुधाजींना शब्द आवडला नाही. आयुष्यभर बाहुल्याच होत्या त्या, आता इथं तरी नको, म्हणाल्या. मी मान डोलावली, पण सॉफ्टवेअरला कोण सांगणार!

मग ओळख पटवायचा कार्यक्रम झाला. नवा फोन जोडला की माझ्या आणि त्या फोनच्या पडद्यावर सात चित्रं येतात. दोघींनी एकमेकींना वाचून दाखवायची. सातही जुळली तर फोन खरा, मधे कुणी बसलेलं नाही. नियम एकच: समोरासमोर वाचायची, नाहीतर ओळखीच्या आवाजात फोनवर. ताराबाईंनी कासवाला बेडूक म्हटलं आणि मी दोनदा रद्द केलं. तिसऱ्यांदा जुळली तेव्हा बाईंनी टाळ्या पिटल्या आणि सुधाजींनी प्याजकचोऱ्या मागवल्या.

आणखी एक कुलूप लावलंय. अ‍ॅपचा पिन पाच वेळा चुकला की त्या फोनवरचं सगळं पुसलं जातं. पुन्हा शिरायचं तर पासवर्ड हवा, आणि वर माझ्याकडून ओळख पटवून घ्यायला हवी. आता कुणाचा बाप आला तरी वाचता यायचं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज गौतमी आली. सोबत चार वर्षांची पिहू.

माझा नुसता संताप संताप झालाय. गौतमीचा डावा कान खालून फाटलेला. बाळी ओढली नवऱ्याने. पाठीवर इस्त्रीचा त्रिकोण, अगदी टोकासकट. ताराबाईंनी जखम धुतली, मलम लावलं. तिचे वडील रेल्वेत, नागपूरकडचे, आता बदली होऊन लांब गेलेत. ती इथंच वाढली. मराठी अडखळत बोलते, लिहायचं तर हिंदीच. नवरा नीरज इथलाच, गाड्यांच्या शोरूममध्ये. दिसायला सोज्वळ, फोटो दाखवला तिने. परवा त्याने पिहूला गच्चीच्या कठड्याबाहेर एका हाताने धरलं आणि गौतमीला सांगितलं, घर सोडलंस तर आधी हिला सोडीन.

त्याला बायको नको आहे, पोरगी हवी आहे. पोरगी हातात असली की बायको आपोआप येते, हे त्याला ठाऊक आहे.

सुधाजींनी दोघींना जयपूरबाहेर बगरूला पाठवलं, चंपाजींच्या कापडावर ठसे मारायच्या कारखान्यात. मागे कापडाच्या गठ्ठ्यांची खोली आहे. पत्ता ताराबाईंनी आमच्या अ‍ॅपमध्ये टाकला, मी पाहिला. गौतमीने जाताना माझा हात धरून विचारलं, ताई, हे कोणी वाचणार नाही ना. मी म्हटलं, आईशप्पथ, कुणी नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज बारीक कटकट. सुधाजींनी फोन बदलला. ओळख पटली, पण जुने मेसेज उघडेनात, नुसती कुलपं दिसतात. ते तसंच असायला हवं, नव्या फोनला जुन्या किल्ल्या द्यायच्या नसतात. पण सुधाजी ऐकेनात. कोणत्या बाईला काय सांगितलं ते आठवत नाही, कोर्टाची तारीख जवळ आली, काम अडलंय. ताराबाईंनीही त्यांची री ओढली.

शेवटी मी सेटिंग बदललं. ओळख पटलेल्या फोनला जुनं सगळं आपोआप मिळेल. मनाला पटलं नाही, पण दोन म्हाताऱ्या बायकांशी कोण वाद घालणार. पुढच्या आठवड्यात बंद करते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताराबाई आज आल्या नाहीत. सकाळी त्यांचा नेहमीच्या अ‍ॅपवर हिंदीत मेसेज: ताप भरलाय, घसा पार बसलाय, अ‍ॅप आपोआप पुसलं गेलं, पुन्हा जोडून दे बेटा. त्यांच्या फोनचा कीबोर्ड हिंदीच आहे, निम्मं हिंदीतच लिहितात. पिन चुकवला असणार बाईंनी, दुसरं काय! मी फोन लावला तर त्यांनी कापला आणि लिहिलं, आवाज निघत नाही.

चित्रं मी लिहून पाठवली. कोंबडा, घंटा, कणीस, छत्री, मासा, टाळं, झाड. तिकडून अंगठा आला. सातही जुळली. मी लिहिलं, सुंठेचा काढा घ्या आणि गप पडून राहा, कचोरी मी तुमच्या वाटची खाते. त्यावर हसरा चेहरा आला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जमेल तसं लिहिते.

आज दुपारी सुधाजी आणि मी ताराबाईंच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या स्वयंपाकघरात पडल्या होत्या. डोकं— कपडे बडवायचा लाकडी दांडका बाजूला पडला होता, त्याला केस चिकटलेले. तोंडात पोळपाटावरचं फडकं कोंबलेलं. उजव्या हाताची तीन बोटं मागे वळवून मोडलेली. रक्त वाळून फरशीवर पोपडा धरलेला. पोलिसांबरोबर आलेले डॉक्टर म्हणाले, तीन दिवस झाले.

तीन दिवस. म्हणजे रविवार.

मग सोमवारी मी काढा कुणाला प्यायला सांगितला?

फोन नाही घरात. पासवर्डाची चिठ्ठी त्या फोनच्या कव्हरात ठेवायच्या, मी दहा वेळा ओरडले होते. बोटं मोडली तरी बाईंनी पिन सांगितला नाही, म्हणून नीरजने पाच वेळा चुकीचा दाबला. तिथं सगळं पुसलं गेलं. बाईंनी आपलं काम चोख केलं होतं. मग मी बसले आणि त्याला सगळं परत दिलं. सात चित्रं जुळली म्हणजे फोन तोच आहे एवढंच कळतं, फोन कुणाच्या हातात आहे ते नाही. हे मीच शिकवते लोकांना! आवाज ऐकल्याशिवाय जोडायचं नाही, हा नियमही माझाच. आणि ते मेलं सेटिंग चालू. बगरूचा पत्ता सोमवारी सकाळी मी माझ्या हाताने त्याच्या हातावर ठेवला.

चंपाजींचा फोन लागत नाही. पोलिसांची गाडी निघतेय. मी जातेय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोघी जिवंत आहेत. आधी तेच लिहिते.

तो काल सकाळीच येऊन गेला होता. चंपाजी रंगाच्या हौदापाशी पडल्या होत्या. ठसा ठोकायच्या लाकडी हातोडीने त्याने त्यांचे दोन्ही पंजे ठोकले, एक एक बोट करून. मग केस धरून तोंड रंगात बुडवलं, वर काढलं, विचारलं, पुन्हा बुडवलं. चंपाजी म्हणत राहिल्या, कालच गेल्या, कुठं ते ठाऊक नाही. गौतमी दहा पावलांवर होती, गठ्ठ्यांच्या मागे, पिहूच्या तोंडावर हात दाबून. सगळं ऐकलं तिने. पिहूच्या गालावर अजून आईच्या बोटांचे वळ आहेत.

चंपाजी दवाखान्यात आहेत. हात ठेवता येतील का, डॉक्टर सांगत नाहीत. चाळीस वर्षं ठसे मारले त्या हातांनी. मी समोर उभी राहिले आणि माफी मागितली. त्यांनी तोंड फिरवलं. बरोबर केलं.

गौतमीने आज एकच मागणी केली. पिहूला माझ्यापासून वेगळी ठेवा आणि कुठं ते मला सांगू नका, मारलं की मी सांगून टाकीन. रडली नाही. सुधाजी पिहूला घेऊन गेल्या. कुठं ते फक्त सुधाजींना आणि मला माहीत. टाईप केलेलं नाही, इथंही लिहीत नाही.

गौतमीला मी आमेरच्या एका गेस्टहाउसमध्ये ठेवलं. पोलीस नीरजला शोधतायत. घर बंद, फोन बंद.

ताराबाईंचा फोन पुलावरून काढून टाकला. पण त्याने जे वाचलं ते वाचलं. ते परत घेता येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

मूर्ख. मूर्ख, मूर्ख बाई!

आत्ता बसून जुने मेसेज पहिल्यापासून वाचले. त्याने वाचले असतील तसे, ओळ न् ओळ. सहा तारखेला सुधाजींचा मेसेज आहे: आमेरच्या गेस्टहाउसला चार रजया पाठवायच्या. खाली नाव. खाली गल्ली. मी तो वाचलाही होता तेव्हा. डोक्यात फक्त बगरू बसलं होतं.

चार तारखेला माझा स्वतःचा पत्ता. मीच टाकलेला. ताराबाई लोणचं पाठवणार होत्या.

गेस्टहाउसचा मालक म्हणतो, बाई सकाळी भावाबरोबर गेली. तिला भाऊ नाही.

पोलिसांना सांगितलं. नाकाबंदी करतायत.

२२ फेब्रुवारी, दुपार

गौतमीची बाहुली अ‍ॅपमध्ये बोलली. हिंदीत, दोन शब्द: फोन उचल.

उचलला. तिचाच आवाज. पण मागून त्याचा, अगदी शांत, शोरूममध्ये गाडी दाखवावी तसा. त्याला चित्रांचं सगळं ठाऊक आहे, सोमवारी मीच शिकवलं. म्हणाला, तुला ओळख पटवायला आवडतं ना, मग पटव. तिला म्हणाला, वाच. काय वाचायचं? समोर काही नव्हतंच. तो सांगेल ते तिने म्हणायचं. कोंबडा— आणि धप्प. घंटा— धप्प. कणीस म्हणताना तिचा आवाज ओला झाला, तोंडात रक्त असणार. छत्री. मासा. त्यानंतर शब्द नव्हता, नुसता आवाज. तो थांबला, तिने श्वास घेईपर्यंत थांबला, आणि म्हणाला, दोन राहिलेत.

मी फोन ठेवला नाही. ठेवला असता तर तिला वाटलं असतं मीही गेले.

सात झाल्यावर त्याने विचारलं, पोरगी कुठंय. मी ओरडले, शिव्या घातल्या, मिरजेच्या सगळ्या. तो म्हणाला, उद्या येतो.

पोलिसांनी मला चौकीवर येऊन राहायला सांगितलं. जबाब दिला. त्याची गाडी वैशालीनगरकडे दिसली म्हणे— सापडत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

खोलीवर आले, दोन कपडे घ्यायला. अर्धा तास फक्त. हवालदार खाली होता. वरून हाक मारली. खाली वाकून पाहिलं. तो गेटपाशी पडलाय, उपडा. हेल्मेट लांब.

भर दुपार आहे. समोरच्या गच्चीवर कुणी पापड वाळत घातलेत. माणूस नाही.

जाळीचं दार लावलं. लाकडी लावलं. पलंग ओढला. पोलिसांना फोन केला. बाई म्हणाली, गाडी निघाली, पंधरा मिनिटं, आवाज करू नका. न्हाणीघरात बसलेय. लिहितेय म्हणून ओरडत नाहीये.

जिन्यावर दोघांची पावलं. एक ओढत.

जाळी हलवतोय.

गौतमीला आपटतोय जाळीवर. परत. परत. ती हिंदीत म्हणतेय, दीदी सांग. त्यानेच म्हणायला लावलं असेल. मग मधेच मराठीत, हळू— नका— एवढंच. आणि आपटणं.

मी सांगेन. मला माहितीय मी सांगेन. असंच चालू राहिलं तर दोन मिनिटांत त्या गावाचं नाव माझ्या तोंडातून पडेल. मी काही ताराबाई नाही.

सुधाजींना फोन केला. कुजबुजले. पिहूला घ्या, आत्ता, अंगावरच्या कपड्यांनिशी. जी पहिली गाडी मिळेल ती. कुठं ते मला सांगू नका. सिम मोडून टाका. तिच्या आईलाही, कुणालाच— त्यांनी विचारलं, तुम्हारा क्या होगा. मी म्हटलं, जा ना बाई! मागे पिहू काहीतरी खायला मागत होती. फोन कटला. पुन्हा लावून बघितला. बंद.

गेल्या.

अजून दहा मिनिटं पोलिसांना. गौतमी आता ओरडत नाही. नुसतं आपटल्याचं ऐकू येतंय. दहा मिनिटं ती टिकत नाही.

त्याला दार उघडं हवंय. उघडते. ती आत पडेल, तिला मागे ओढीन, मधे मी. गॅसवरचा तवा घेतलाय. भीती वाटते, आई, लई भीती वाटते.

विचारेल. बोटं मोडेल. मोडू दे. खरंच काही नाहीये माझ्याकडे आता, कितीही विचार, कितीही मार, मला माहीतच नाही कुठं

पलंग सरकवला. कडी